बिऱ्हाड हललं, पाटी तीच

१९९४ साली याहूचा पत्ता एका सुमो पैलवानाच्या नावावर होता. स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणाऱ्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोघांनी आपापल्या संगणकांना पैलवानांची नावं दिली होती. यांगच्या यंत्राचं नाव अकेबोनो, फिलोच्या यंत्राचं कोनिशिकी. दोघेही पैलवान मूळचे हवाईचे, आणि त्यातला अकेबोनो तर आदल्याच वर्षी योकोझुना झालेला पहिला परदेशी. दोघा मित्रांनी जमवलेली वेबसाइट्सची यादी अकेबोनोवर होती आणि त्या यादीत शोध घेणारा प्रोग्रॅम कोनिशिकीवर. यादी पाहायची तर ब्राउझरमध्ये लिहावं लागे: अकेबोनो डॉट स्टॅनफर्ड डॉट ईडीयू, मग तिरपी रेघ, मग याहू. पत्त्यात आधी यंत्र, मग विद्यापीठ, आणि लोक जिच्यासाठी येत ती गोष्ट सगळ्यात शेवटी.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात याहूने एका दिवसात दहा लाख हिट्सचा आकडा गाठला. विद्यार्थ्यांच्या टेबलावरच्या यंत्रांना आणि विद्यापीठाच्या नेटवर्कला तो भार झेपेना. १९९५ च्या सुरुवातीला ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपच्या मार्क अँड्रीसनने आपल्या कंपनीच्या मोठ्या संगणकांवर जागा देऊ केली आणि याहूचं बिऱ्हाड तिकडे हललं. याहू डॉट कॉम हे नाव १८ जानेवारीला नोंदवून झालं होतं. फाइली कॉपी करणं तेव्हाही फार अवघड नव्हतं. अडचण होती ती लोकांनी आपापल्या पानांवर लिहून ठेवलेल्या 'अकेबोनो'ची. नव्या नावात ना यंत्र होतं, ना विद्यापीठ, ना नेटस्केप. त्यामुळे पुढे याहू नेटस्केपकडूनही बाहेर पडली तेव्हा पत्ता बदलायचं कारणच उरलं नाही.

वेबसाइट एका होस्टिंग कंपनीकडून दुसरीकडे 'शिफ्ट' करणं हे आज गल्लीतल्या वेब डिझायनरचंही नेहमीचं काम आहे. पण ते शक्य झालं ते नाव आणि जागा यांची फारकत करण्याच्या दीर्घ खटाटोपातून. ही फारकत जिथे पुरती झाली तिथे साइट हलल्याचं वाचकाला कळतही नाही. जिथे नाव जागेला कुठेतरी चिकटून राहिलं, तिथे काही ना काही हरवलं आहे.

या खटाटोपाची सुरुवात वेबच्याही आधीची. इंटरनेटची पूर्वज असलेल्या अर्पानेटवर कोणत्या नावाचं यंत्र कोणत्या आकडी पत्त्यावर आहे, याची एकच एक फाइल होती. ती कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या कार्यालयात ठेवलेली असे आणि तिचा कारभार एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी पाहत. कुणाचं यंत्र हललं, नवं आलं, बंद झालं, की त्यांना कळवायचं. ते नोंद करणार, आणि मग देशभरातली यंत्रं ती फाइल उतरवून घेणार. यंत्रं शे-दोनशे होती तोवर हे चाललं. ती वाढली तशी फाइल सतत शिळी पडू लागली. एकाच नावावर दोघांचा दावा येऊ लागला.

१९८३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पॉल मोकापेट्रिस यांनी यावर उपाय मांडला, तो म्हणजे डोमेन नेम सिस्टिम, अर्थात डीएनएस. एका फाइलऐवजी नोंदी जगभर विखरून ठेवायच्या आणि ज्याचं नाव त्यानेच आपली नोंद सांभाळायची. या रचनेतली एक लहानशी गोष्ट पुढे साइट हलवणाऱ्यांच्या फार कामाला आली. प्रत्येक नोंदीसोबत एक आयुर्मान लिहिलेलं असतं: ही माहिती इतके सेकंद खरी धरा, नंतर पुन्हा विचारा. ८६,४०० लिहिलं तर एक दिवस, ३०० लिहिलं तर पाच मिनिटं. अनुभवी माणूस साइट हलवण्याच्या एक-दोन दिवस आधी हा आकडा खाली आणतो. मग प्रत्यक्ष बदल केला की जुना पत्ता लक्षात ठेवून बसलेले जगभरचे सर्व्हर पाच मिनिटांत नव्याकडे वळतात. हे आधी केलं नाही, तर अर्धे लोक जुन्या जागी आणि अर्धे नव्या जागी असा घोळ दिवसभर चालतो. दुकानाची साइट असेल तर त्या दिवसाच्या ऑर्डरी दोन डेटाबेसमध्ये विभागल्या जातात. 'प्रोपगेशनला ४८ तास लागतात' हे होस्टिंगवाल्यांचं ठरलेलं वाक्य पुष्कळदा न बदललेल्या या आकड्याचंच दुसरं नाव असतं.

गंमत म्हणजे फाइनलर यांच्या कार्यालयातल्या त्या फाइलचा वंशज आजही प्रत्येक संगणकात आहे. विंडोज असो, मॅक असो वा लिनक्स, 'होस्ट्स' नावाची एक साधी मजकूर-फाइल आत कुठेतरी पडून असते आणि संगणक डीएनएसला विचारण्याआधी तिच्यात पाहतो. साइट हलवणारा माणूस तिच्यात एक ओळ टाकतो: या नावाचा पत्ता म्हणजे हा नवा सर्व्हर. मग साऱ्या जगाला जुनी साइट दिसत असते आणि त्याला एकट्याला नवी. फॉर्म भरून बघतो, चित्रं उघडतात का ते तपासतो, सगळं ठीक असेल तर खरी नोंद बदलतो. पुसायची राहिलेली ती ओळ सहा महिन्यांनी त्याच माणसाला कसं छळते, हा या धंद्यातल्या गप्पांचा हमखास विषय.

फाइली नेण्याचं साधनही वेबहून जुनं. एफटीपी या नावाने जगभर वापरल्या गेलेल्या पद्धतीचा पहिला मसुदा १६ एप्रिल १९७१ चा. तो लिहिला अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून १९६५ मध्ये बाहेर पडून ते एमआयटीत गेले होते. पुढच्या तीन-चार दशकांत ज्याने ज्याने साइट चढवली त्याने भूषण यांच्या पद्धतीचा हात धरला, बहुतेकांनी नाव न ऐकताच. तिच्यात मजकुरासाठी एक आणि इतर फाइलींसाठी दुसरा असे प्रकार होते. मजकूर एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर जाताना ओळीच्या शेवटच्या खुणा बदलायच्या असत, म्हणून ही सोय. पण चित्र चुकून मजकुराच्या प्रकारात पाठवलं की त्यातल्याही तशाच दिसणाऱ्या खुणा बदलून जात आणि पलीकडे फाटकं चित्र पोचे. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकरस यांनी आरसिंक आणलं. ते दोन्हीकडच्या फाइली ताडून फक्त बदललेला भाग पाठवतं. मोठी साइट आधी सावकाश नेऊन ठेवायची आणि शेवटच्या रात्री तेवढा फरक न्यायचा, ही आजची रीत त्यामुळे सोपी झाली.

सुरुवातीच्या वर्षांत मात्र साइट हलवणं म्हणजे खर्चाचं काम होतं. ब्राउझर सर्व्हरला फक्त पान मागायचा, कोणत्या साइटचं ते सांगायचा नाही. त्यामुळे दर डोमेनला स्वतंत्र आकडी पत्ता लागे. १९९७ च्या जानेवारीत छापल्या गेलेल्या एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीने साइटचं नाव सांगणं सक्तीचं केलं आणि एका यंत्रावर, एका पत्त्यावर शेकडो साइट्स नांदू लागल्या. स्वस्त 'शेअर्ड होस्टिंग'चा सगळा बाजार या एका ओळीवर उभा आहे. नावाचा खर्च वेगळाच. सप्टेंबर १९९५ पासून नेटवर्क सोल्यूशन्स ही कंपनी डॉट कॉमच्या नोंदणीला दोन वर्षांचे १०० डॉलर घेई, आणि १९९९ पर्यंत दुसरीकडे जायची सोयच नव्हती.

त्याच सुमाराला निक कोस्टन नावाच्या तरुणाने सीपॅनेल लिहिलं. सर्व्हरची काळी खिडकी न उघडता ईमेल, डेटाबेस, फाइली हे सगळं चित्रांवर टिचकी मारून करता येऊ लागलं. एका सीपॅनेलवरचं अख्खं खातं बांधून दुसऱ्या सीपॅनेलवर जसंच्या तसं उघडता येई. परिणाम असा की जगातल्या हजारो होस्टिंग कंपन्या आतून एकसारख्या दिसू लागल्या आणि त्यांच्यात ये-जा करणं सोपं झालं. २०१९ मध्ये सीपॅनेलने सर्व्हरमागे ठरलेली किंमत सोडून खात्यांच्या संख्येवर आकारणी सुरू केली, तेव्हा या सोयीची दुसरी बाजू दिसली. खूप खाती एका यंत्रावर ठेवणाऱ्या लहान होस्टिंगवाल्यांची बिलं एकदम फुगली आणि त्यांतल्या अनेकांनी दुसऱ्या पॅनेलचा शोध सुरू केला. ग्राहक मोकळा होता, पण आता पॅनेलच जागा होऊन बसलं होतं.

भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. डॉट इन हा देशाचा शेपटा त्याआधीच, १९८९ मध्ये मिळालेला होता आणि त्याचा कारभार मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होता. पण नियम इतके कडक की १९९२ ते २००४ या काळात जेमतेम सात हजार नावं नोंदली गेली. म्हणून मराठी उद्योजकाने, शाळेने, मंडळाने सरळ डॉट कॉम घेतलं आणि जागा घेतली अमेरिकेत, कारण ती तिथेच स्वस्त होती. २००५ मध्ये डॉट इन सर्वांना खुलं झालं.

या बाजारात मुंबईतून उतरलेले सर्वांत ठळक खेळाडू म्हणजे भाविन आणि दिव्यांक तुरखिया हे भाऊ. १९९८ मध्ये वडिलांकडून २५ हजार रुपये घेऊन त्यांनी डायरेक्टी काढली. तिच्या रिसेलरक्लबचं गणित साधं होतं: होस्टिंग आणि डोमेन घाऊक भावात विकायचं, किरकोळ विक्री गावोगावच्या वेब डिझायनरांनी करायची. साइट बनवणारा, नाव नोंदवणारा, जागा देणारा आणि दरवर्षी रिन्यूअलचं बिल पाठवणारा माणूस एकच झाला. ग्राहकाला ते सोयीचं वाटे. अडचण कळायची ती साइट दुसरीकडे न्यायची म्हटल्यावर. डोमेन डिझायनरच्याच नावावर नोंदलेलं निघे, पासवर्ड त्याच्या ईमेलवर, आणि तो माणूस दरम्यान धंदा बदलून बसलेला. नोव्हेंबर २००४ पासून डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमाने एवढं झालं होतं की जुनी नोंदणी कंपनी पाच दिवस गप्प राहिली तर हस्तांतर अडत नाही. पण कागदावर मालकच दुसरा असेल तर नियम तरी काय करणार? पुण्या-नाशिकच्या कितीतरी दुकानांच्या डोमेन नावात शेवटी एखादं आडनाव किंवा गावाचं नाव जोडलेलं दिसतं, त्यातल्या काहींचं कारण हे आहे.

डायरेक्टीचा हा होस्टिंगचा पसारा २०१४ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एन्ड्युरन्स इंटरनॅशनल ग्रुपकडे गेला. ब्लूहोस्ट, होस्टगेटर, होस्टमॉन्स्टर, जस्टहोस्ट ही नावंही या समूहाच्याच छत्राखाली होती. एकाला कंटाळून दुसऱ्याकडे गेलेला ग्राहक बऱ्याचदा त्याच मालकाकडे पोचलेला असे. २ ऑगस्ट २०१३ रोजी युटा राज्यातल्या प्रोव्हो इथल्या डेटा सेंटरमध्ये नेटवर्क बिघडलं आणि ही चारही नावं एकाच दिवशी खाली बसली, तेव्हा अनेकांना हा प्रकार उमगला.

मराठी साइट हलवण्याला आणखी एक पदर आहे, आणि तो इंग्रजी साइटवाल्यांच्या वाट्याला फारसा आला नाही. मायबोली ही मराठी साइट १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झाली तेव्हा घरच्या संगणकावर युनिकोड देवनागरी ही गोष्टच नव्हती. विंडोजमध्ये ती आली २००० सालच्या आवृत्तीत. तोवर, आणि नंतरही बरीच वर्षं, मराठी वृत्तपत्रं आपापले फॉन्ट वापरत. त्यांच्या पानात प्रत्यक्षात रोमन अक्षरं साठवलेली असत आणि त्यांना देवनागरीचा मुखवटा फॉन्ट चढवी. हा फॉन्ट वाचकाच्या ब्राउझरला पाठवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने एक खास प्रकार काढला होता. त्यात फॉन्टची फाइल कोणत्या साइटवर चालेल त्यांचे पत्ते तिच्यातच कोरून ठेवता येत, म्हणजे कुणी ती पळवू नये. साइटचं नाव बदललं की फॉन्ट रुसे आणि बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसे. लिपीच पत्त्याला बांधलेली, असा तो मामला होता.

युनिकोड आलं आणि वाटलं, सुटलो. पण मग डेटाबेसने गाठलं. मायएसक्यूएल हा डेटाबेस स्वीडनमध्ये घडला, आणि त्याची गृहीत धरलेली वर्णमाला होती पश्चिम युरोपची, अक्षरांचा क्रम स्वीडिश. २०१८ मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत ती तशीच राहिली. ज्याने मुद्दाम बदल केला नाही त्याची मराठी साइट वर्षानुवर्षं स्वीडिश पेटीत मराठी भरत राहिली. दिसायला काहीच बिघडलेलं नसे, कारण आत टाकलेले बाइट जसेच्या तसे बाहेर येत. साइट दुसऱ्या होस्टिंगवर नेताना मात्र नवा सर्व्हर पेटीवरची चिठ्ठी वाचायचा, 'पश्चिम युरोपीय अक्षरं', आणि सचोटीने त्या प्रत्येक बाइटचं युनिकोडमध्ये रूपांतर करायचा.

परिणाम काय होई ते एका शब्दावर पाहता येतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. त्यांना युरोपीय अक्षरं समजलं की 'म'चा होतो डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, मग चार मिश्या फुटलेलं एक वर्तुळ, मग नोंदणीकृत ट्रेडमार्कची खूण. 'र'च्या शेवटी तापमानाच्या अंशाचं टिंब येतं. काना संपतो पाऊण या अपूर्णांकावर. आणि दीर्घ वेलांटीत जपानी येन आणि युरोपी युरो शेजारी शेजारी उभे राहतात. 'ठ'चा तिसरा बाइट तर निव्वळ न तुटणारी मोकळी जागा. ती डोळ्यांना दिसत नाही आणि मजकूर कॉपी-पेस्ट केला की साधी मोकळी जागा होऊन बसते.

हा कचरा उलटा फिरवून मराठी परत मिळवता येते, बाइट शाबूत असतील तर. पण विंडोजच्या युरोपीय तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत आणि त्या नेमक्या देवनागरीच्या वाटेत येतात. हलंताचा, म्हणजे जोडाक्षर जुळवणाऱ्या चिन्हाचा शेवटचा बाइट अशाच एका रिकाम्या जागेवर पडतो. ह्रस्व उकार, ए, ऐ आणि झ यांचंही तेच. एखाद्या प्रोग्रॅमने ती बिनअक्षराची जागा गाळली किंवा तिथे प्रश्नचिन्ह टाकलं, की परत आणलेल्या मजकुरात साधी अक्षरं ठीक आणि जोडाक्षरं मोडलेली, असं चित्र दिसतं. आणि रूपांतर उलट्या दिशेने झालं असेल, म्हणजे खरी देवनागरी युरोपीय पेटीत कोंबली गेली असेल, तर प्रत्येक अक्षराच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह उरतं. त्यातून मागे काही आणता येत नाही. जुना बॅकअप असेल तरच साइट वाचते. प्रश्नचिन्हांनी भरलेली मराठी पानं आंतरजालावर भेटतात, त्यातली बरीचशी अशा एखाद्या स्थलांतराची उरलेली खूण असतात.

वर्डप्रेसवाल्यांची चूक याहून साधी पण तितकीच सार्वत्रिक. मे २००३ मध्ये आलेल्या या प्रणालीने साइटचा पूर्ण पत्ता डेटाबेसमध्ये लिहून ठेवला, लेखांतल्या चित्रांचे पत्तेही पूर्ण. नाव बदललं की ते सगळीकडे शोधून बदलायचे. पण काही नोंदींत मजकुराआधी त्याची लांबीही बाइटमध्ये मोजून लिहिलेली असते. पत्ता अकरा बाइटांवरून चौदा झाला आणि मोजणी अकराच राहिली, तर वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलं आहे ते पीएचपी अख्खी नोंद नाकारतं: बाजूच्या पट्ट्या गायब, थीमची रंगसंगती गायब, मजकूर मात्र जागेवर. लांबीसह बदल करणारी साधनं पुढे निघाली, पण नोटपॅडमध्ये 'फाइंड अँड रिप्लेस' मारणारे अजून भेटतात.

हरवलेल्यांचा हिशेब मोठा आहे. जिओसिटीजने १९९४ पासून लोकांना फुकट जागा दिली, तीही मोहल्ल्यांत. विज्ञानकथावाले 'एरिया ५१'मध्ये, संगणकवाले 'सिलिकॉन व्हॅली'त, आणि प्रत्येकाला घर-क्रमांक. याहूने ही कंपनी १९९९ मध्ये साडेतीनशे कोटींहून अधिक डॉलरच्या समभागांना घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेतली सेवा बंद केली. पान उचलून दुसरीकडे नेणं कुणालाही जमलं असतं. पण ओळख होती ती जिओसिटीजच्या नावाची, आणि ते नाव रहिवाशाचं नव्हतंच. 'कायमचे हललो' असं ब्राउझरला सांगणारा ३०१ हा निरोप १९९६ च्या एचटीटीपीतच होता, पण तो जुन्या दारावर लावावा लागतो. इथे दारच पाडलं गेलं. जेसन स्कॉट आणि त्यांच्या आर्काइव्ह टीमने शेवटच्या महिन्यांत जमेल तेवढं उतरवून घेतलं. आज त्या पानांचा मोठा भाग त्यांच्यामुळे आहे.

गाणी आणि छायाचित्रं चढवण्याच्या मायस्पेस या साइटची गोष्ट तर थेट सर्व्हर हलवण्याचीच. मार्च २०१९ मध्ये कंपनीने मान्य केलं की सर्व्हर स्थलांतराच्या कामात २०१५ पर्यंतची छायाचित्रं, चित्रफिती आणि गाणी गेली असावीत. अंदाज होता सुमारे पाच कोटी गाण्यांचा, १.४ कोटी कलावंतांच्या. बॅकअप नव्हता. महिन्याभरात, आधी संशोधनासाठी कुणी उतरवून ठेवलेली जवळपास ४ लाख ९० हजार गाणी इंटरनेट आर्काइव्हवर आली. शंभरातलं एक.

जगातली पहिली वेबसाइटही यातून सुटली नाही. टिम बर्नर्स-ली यांची पानं जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये नेक्स्ट संगणकावर होती. १९९४ मध्ये ते एमआयटीला गेले आणि कामाचं केंद्र त्यांच्यासोबत हललं. जुनी पानं नव्या पत्त्यावर गेली, मूळ पत्ता दुर्लक्षित राहिला. पान सतत बदलत असे आणि आधीच्या आवृत्त्या कुणी ठेवल्या नव्हत्या. २०१३ मध्ये सर्नने पहिला पत्ता पुन्हा जिवंत केला तेव्हा हाताशी असलेली प्रत १९९२ ची होती. बर्नर्स-ली यांनीच १९९८ मध्ये, चांगले पत्ते बदलत नसतात, अशा आशयाचं टिपण लिहिलं. ते वेब डिझायनर आजही एकमेकांना दाखवतात.

सर्व्हर हलला की कधी कायदाही हलतो. लाइव्हजर्नल या अमेरिकेत जन्मलेल्या सेवेची मालकी २००७ पासून रशियन कंपनीकडे होती. डिसेंबर २०१६ मध्ये सर्व्हरही कॅलिफोर्नियातून रशियात गेले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये रशियन कायद्याला बांधलेला नवा करार लेखकांपुढे आला. अनेकांनी लगेच आपलं लेखन उचलून दुसरीकडे नेलं. विकिलीक्सला डिसेंबर २०१० च्या पहिल्या दोन दिवसांत आधी ॲमेझॉनने जागेवरून काढलं, मग डीएनएसची सेवा देणाऱ्याने नाव काढून घेतलं. जागा आणि नाव ही दोन वेगळी कुलुपं आहेत, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसलं असेल.

१० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर जळालं. नेटक्राफ्टच्या मोजणीप्रमाणे ३६ लाख साइट्स खाली गेल्या. ज्यांचा बॅकअप दुसऱ्या शहरात होता ते काही तासांत दुसरीकडे उभे राहिले. ज्यांचा त्याच आवारात होता त्यांना हलवायला काही उरलं नाही.

नीट ठरवून केलेलं स्थलांतर कसं असतं, याचं उदाहरण मराठी वाचकाच्या नेहमीच्या वापरातलं आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. तेव्हा विकिपीडियाची यंत्रं कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला होती. २००४ मध्ये ती फ्लोरिडातल्या टँपाला गेली. टँपा म्हणजे चक्रीवादळांचा प्रदेश. जानेवारी २०१३ मध्ये मुख्य कारभार व्हर्जिनियातल्या ॲशबर्नला हलवताना तिथे वादळं कमी, हेही एक कारण सांगितलं गेलं. पुढे टेक्सासमध्ये डलासजवळ तशीच दुसरी जागा उभी राहिली. ती नुसती राखीव म्हणून ठेवली तर ऐन वेळी चालेल की नाही कोण सांगणार? म्हणून एप्रिल २०१६ मध्ये सगळा भार मुद्दाम तिकडे नेऊन पाहिला. दोन ठिकाणी वेगवेगळं लिहिलं जाऊ नये म्हणून त्या वेळी संपादन सुमारे पाऊण तास बंद ठेवावं लागलं. दर वेळी एकेक पायरी यंत्राकडे सोपवत गेले आणि २०२१ मध्ये ही बंदी दोन मिनिटांच्या आत आली.

आता हे वर्षातून दोनदा होतं, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान होतात त्या आठवड्याच्या आसपास. आधी सूचनेची पट्टी झळकते. ठरल्या वेळी एखादा संपादक 'बदल जतन करा' दाबतो आणि त्याला उत्तर मिळतं की विदागार सध्या फक्त वाचता येईल, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. तो तसं करतो तेव्हा त्याचा मजकूर ॲशबर्नऐवजी टेक्सासमध्ये जाऊन बसलेला असतो.